दहा वाजताचा रियाज

१

सकाळी सातला कोमट पाणी. साडेसातला सेज या औषधी झुडपाच्या पानांचा काढा आणि त्यात चमचाभर मध. आठला मऊ उकडलेलं अंडं आणि दुधात बुडवलेला कालचा पाव. नऊ ते दहा मानेभोवती लोकरी मफलर आणि तोंड घट्ट बंद. दहाच्या ठोक्याला तिचे गायनगुरू मायस्त्रो अल्लोदी बासष्ट पायऱ्या चढून, धापा टाकत पियानोपाशी बसायचे आणि एर्सिलिया घिरेत्तीचा रियाज सुरू व्हायचा. इटलीतल्या पार्मा शहरात, नदीपलीकडच्या त्या गल्लीत वीस वर्षं हेच चाललं होतं. एर्सिलियाचे पहिले पाच स्वर खिडकीतून खाली उतरले की बायका दुपारच्या स्वयंपाकाला लागायच्या.

१९५३ सालच्या जानेवारीत हा रियाज बंद पडला.

"चाळीस दिवस," डॉक्टर झिलिओली म्हणाले. लांब दांडीचा चिमुकला आरसा त्यांनी तिच्या घशातून बाहेर काढला आणि फडक्याला पुसला. "स्वरतंतूंवर दोन गाठी आहेत, मसुरीच्या दाण्याएवढ्या. गाणं नाही, बोलणं नाही, कुजबुजणंही नाही. कुजबुजणं तर सगळ्यात वाईट."

"पण डॉक्टर, मार्चमध्ये माझं..."

"बघा! लगेच बोललात!"

एर्सिलियाने ओठ मिटले. रागाने तिचे कान तापले होते.

ती बेचाळीस वर्षांची होती. पो नदीवर नाव चालवणाऱ्या माणसाची ही धाकटी मुलगी. सतराव्या वर्षी ती गावच्या चर्चमध्ये गात असताना अल्लोदींनी तिला ऐकलं आणि शहरात आणलं. बाविसाव्या वर्षी ती मान्तोव्हात पहिल्यांदा रंगमंचावर उभी राहिली. त्यानंतर क्रेमोना, लुगो, फेर्रारा, एकदा तर थेट लिस्बन. आवाज चांगला होता, मेहनत तर जबर होती, पण मोठ्या नाट्यगृहाची तार यायची ती तिथली मुख्य गायिका आजारी पडल्यावरच. एर्सिलिया मिळेल त्या गाडीने जायची, दुसऱ्या बाईच्या मापाचा झगा टाचण्या टोचून अंगावर बसवायची आणि गायची. दुसऱ्या दिवशी पेपरात एकच ओळ असायची, 'घिरेत्ती यांनी ऐनवेळी प्रसंग निभावून नेला.' वीस वर्षं ती प्रसंग निभावत आली होती. प्रसंग कधी तिचा नव्हताच.

आता पहिल्यांदा तिच्याच शहराने तिला तिची स्वतःची भूमिका दिली होती. मार्चमधला 'ला मुन्याया' हा जुना, क्वचितच होणारा ऑपेरा, आणि त्यातली गिरणीवाली. जाहिरातीवर तिचं नाव सगळ्यात वर असणार होतं. आणि नेमका नोव्हेंबरमध्ये, इथल्याच एका जलशात, शेवटच्या उंच स्वराला तिचा आवाज फाटला आणि वरच्या गॅलरीतून नापसंतीच्या शिट्ट्या आल्या.

२

मौन पाळणं एर्सिलियाला जमलं. छळ झाला तो बोलण्याऐवजी लिहायच्या पाटीचा.

मोठी बहीण ओनोरिना तिने घर सांभाळण्यासाठी आपल्याकडे आणून ठेवली होती. ओनोरिना विधवा, पन्नाशीची, जिभेची तिखट. ती एक प्रश्न विचारायची आणि एर्सिलियाचं उत्तर पाटीवर लिहून होईपर्यंत पुढचे तीन विचारून मोकळी व्हायची. 'मीठ कमी आहे' हे लिहून होईतो जेवण संपलेलं असायचं. भांडण तर करताच यायचं नाही. खडू मोडायचा. एर्सिलिया मोडलेला तुकडा हातात घेऊन नुसती धुमसत बसायची.

नवव्या दिवशी, बाजारातून परतताना, जिन्यात तिला दावोली भेटले. हे खालच्याच मजल्यावर राहणारे निवृत्त स्टेशनमास्तर. एर्सिलियाच्या गाण्याच्या खोलीखालीच त्यांची बैठकीची खोली होती. गेली चाळीस वर्षं त्यांनी नाट्यगृहाच्या गॅलरीतली आपली एक जागा सोडली नव्हती. नोव्हेंबरमध्ये शिट्टी वाजवणाऱ्यांत आपण पहिले होतो, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला तोंडावर सांगितलं होतं.

आज त्यांनी टोपी काढली.

"सिन्योरा, वाईट होतं तेव्हा वाईट म्हणालो. आता चांगलं आहे तर चांगलं म्हणायला नको? आज सकाळी काय लागला होता आवाज! अहो, मी दाढी अर्धी सोडून उभा राहिलो."

एर्सिलियाने पिशवी खाली ठेवली, पाटी काढली आणि लिहिलं, 'मी गात नाही. डॉक्टरांनी मौन सांगितलंय. नऊ दिवस झाले.'

दावोलींनी पाटी हातभर लांब धरून वाचली. मग डोळा मिचकावला.

"समजलं. डॉक्टरांना माझ्याकडून कळणार नाही."

तिने मान जोरजोरात हलवली. 'नाही' हा शब्द तिने दोनदा गिरवला. पण म्हातारा हसत हसत खाली उतरून गेला होता.

३

वर आली तर स्वयंपाकघरात ओनोरिना पातेली आपटत होती.

"माझ्यापासून कशाला लपवायचं? दार लावून गायलीस म्हणून मला ऐकू येत नाही? बहिरी आहे का मी?"

'कधी?' एर्सिलियाने लिहिलं.

"कधी म्हणे! आज. काल. परवा. दहा वाजता. मी म्हटलं, दोन मिनिटं घसा तपासून बघत असेल. पण आज चांगला पाऊण तास! मार्च हातचा घालवायचाय का तुला?"

दहा वाजता एर्सिलिया आपल्या झोपायच्या खोलीत गिरणीवालीचे शब्द मनात घोकत बसलेली होती. काल आणि परवाही. तिला काहीएक ऐकू आलं नव्हतं. तिने ते सगळं लिहायला घेतलं. पाटी पुरेना. निम्मं पुसून पुन्हा लिहीपर्यंत ओनोरिना कोळसे आणायला निघून गेली होती.

एर्सिलिया भोळी नव्हती. नाट्यगृहात वीस वर्षं काढलेल्या बाईला भुताखेतांच्या गोष्टी रोज ऐकाव्या लागतात आणि त्यातली एकही खरी वाटत नाही. तिने विचार केला. रेडिओ? घरातला ख्रिसमसपासून बिघडलेला होता. पलीकडच्या घरात कुणी शिकाऊ मुलगी? तिथे एक चांभार आणि त्याची आई राहत होती. तिची स्वतःची रेकॉर्ड? कुठल्याही कंपनीने तिची रेकॉर्ड काढलीच नव्हती. याचंही दुःख तिला नव्याने झालं.

तिने गाण्याच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली ओनोरिनाच्या हातात ठेवली. ओनोरिनाने ती एप्रनच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला ओनोरिना झोपायच्या खोलीच्या दारात आली. एर्सिलिया पलंगावर बसलेली होती. ओनोरिनाने तिच्याकडे पाहिलं, बंद खोलीकडे पाहिलं, खिसा चाचपला. क्षणभर तिचा चेहरा उतरला.

"दुसरी किल्ली करून घेतलीस," ती शेवटी म्हणाली. "आणि मी येतेय हे ऐकून पळत इथे येऊन बसलीस. लहानपणी जॅम चोरायचीस ना, तेव्हाही असंच करायचीस."

मग एर्सिलियाने स्वतःच खोलीत बसायचं ठरवलं. दहाला पाच मिनिटं असताना ती आत गेली आणि दार आतून लावलं. पियानोवर तिनेच घातलेलं आच्छादन तसंच होतं. कोळशाची शेगडी थंड होती. घड्याळ दहा ठोके देऊन थांबलं आणि मग नुसती त्याची टकटक. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की समोरचं घर दिसत नव्हतं. साडेदहा झाले. पावणेअकरा. एक आवाज नाही. थंडीने तिची बोटं बधिर झाली, पण मनातून बरं वाटलं.

तिने दार उघडलं. समोर खुर्ची टाकून ओनोरिना बसली होती. रागाचा मागमूस नव्हता. ती डोळे पुसत होती.

"असं तू कधीच गायली नव्हतीस गं," ती म्हणाली. "आईला ऐकायला मिळायला हवं होतं."

४

एकविसाव्या दिवशी डॉक्टर झिलिओलींनी पुन्हा तो आरसा, वाफ धरू नये म्हणून किंचित तापवून, तिच्या घशात घातला. बराच वेळ बघत राहिले.

"गाठी निम्म्याच्या वर उतरल्या. मला इतकी अपेक्षा नव्हती." त्यांनी आरसा ठेवला. "आता खरं सांगा. गाताय ना?"

एर्सिलियाने पाटी उचलली.

"थांबा, लिहू नका. तुमच्या बहिणीचा फोन आला होता. रागावत नाही मी. पण नियम म्हणजे नियम."

'मी गात नाही,' एर्सिलियाने लिहिलं. 'लोकांना ऐकू येतं. मला येत नाही.'

डॉक्टरांनी चष्म्यावरून ते वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्याऐवजी जी सौम्य काळजी उमटली ती तिला थट्टेहून असह्य झाली.

"गाणारी माणसं गप्प बसली की त्यांचे कान खेळ करतात," ते म्हणाले.

'माझे नाही. त्यांचे!' तिने लिहिलं आणि 'त्यांचे'खाली इतक्या जोराने रेघ ओढली की खडू निसटून कपाटाखाली गेला.

"रात्री झोपेसाठी थेंब लिहून देतो. दहाच घ्या." डॉक्टरांनी कागद फाडून तिच्या हातात दिला.

बाहेर पडल्यावर ती पुलावर थांबली. खाली नदी जवळजवळ कोरडी होती, दगडांमधून एक बारीकशी धार चालली होती. एकदा, फक्त एकदाच ओरडावं, अशी तिला अनावर इच्छा झाली. पण मार्च समोर होता. तिने मफलर तोंडावरून घेतला आणि ती घरी आली.

५

साक्षीदार हवा होता. आणि साक्षीदार म्हणून दावोलींपेक्षा चोख माणूस गल्लीत नव्हता. गाड्यांच्या वेळा लिहिण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो डोळ्यांसमोरची गोष्ट नाकारणार नाही.

'उद्या पावणेदहाला तुमच्याकडे येऊ का?' तिने लिहून विचारलं.

दावोलींनी खोली झाडून ठेवली होती. टेबलावर बडीशेप घातलेली बिस्किटं आणि दोन कप कॉफी. रेल्वेचं जुनं गोल घड्याळ भिंतीवर. एर्सिलिया त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली. मफलर काढून गळा मोकळा केला. ओठ मिटलेले. मांडीवरच्या पाटीवर तिने आधीच लिहून ठेवलं होतं, 'मी इथे आहे. माझ्या तोंडाकडे बघा.'

दावोली इकडचं तिकडचं बोलत राहिले. दोन कोटांचे पैसे घेऊन एकच शिवणाऱ्या शिंप्याबद्दल, सांधेदुखीबद्दल. दहा वाजले. दावोलींनी बोलता बोलता बोट वर केलं.

"सुरू झालं."

एर्सिलियाने पाटीवर टकटक केली. त्यांनी वाचलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. वर छताकडे पाहिलं. पुन्हा तिच्या तोंडाकडे. त्यांनी हातातला कप ठेवून घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली, आणि एर्सिलियाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं. एकाला तरी पटलं! एकाला तरी भीती वाटली!

दावोली उठले. खोलीच्या मधोमध छताकडे तोंड करून उभे राहिले. तिला ऐकू येत होती ती फक्त घड्याळाची टकटक आणि त्यांचा घरघरता श्वास. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. चेहऱ्यावरची भीती विरत गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते एर्सिलियाने आयुष्यभर रंगमंचावरून शोधलं होतं, अंधारातल्या हजार चेहऱ्यांवर, आणि क्वचितच मिळालं होतं.

ते परत येऊन बसले. तिच्याकडे बघून हसले, आगगाडीत समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईकडे बघून हसतात तसं.

"तुम्ही सिन्योरांची मोठी बहीण ना?" ते म्हणाले. "चेहऱ्यात साम्य आहे. घ्या, बिस्किटं घ्या. आज सिन्योरा गिरणीवालीचा दुसरा अंक म्हणतायत."

६

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मायस्त्रो अल्लोदी आले. बासष्ट पायऱ्या, धापा, काठीचा आवाज. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. पियानोच्या पट्ट्या त्यांना बोटांनीच दिसायच्या.

'कुणी बोलावलं यांना?' एर्सिलियाने लिहून पाटी ओनोरिनाच्या नाकासमोर धरली.

"मी बोलावलं. गायचंच आहे तर निदान नीट गा, मायस्त्रोंच्या हाताखाली," ओनोरिना म्हणाली. तिने पाटीकडे धड पाहिलंही नव्हतं.

एर्सिलिया मायस्त्रोंच्या वाटेत जाऊन उभी राहिली. त्यांना पाटी वाचता येत नव्हती. तिने त्यांचा हात धरून आपल्या गळ्यावर ठेवला आणि मान नकारार्थी हलवली. आपल्याला शिकवलेल्या, घडवलेल्या माणसाला एवढं तरी कळेल असं तिला वाटलं. ते थबकले.

"तुझे हात किती गार झालेत, ओनोरिना," ते म्हणाले. "शेगडीपाशी बस जरा." आणि आत गेले.

त्या दिवसापासून दार आतून लागायचं आणि एर्सिलियाला बाहेर पियानो ऐकू यायचा. नुसताच पियानो. साथ चालायची, थांबायची, कुणासाठी तरी रेंगाळायची, पुन्हा चालायची. मधेच मायस्त्रोंचा आवाज यायचा, "छान! हेच! वीस वर्षं मी तुझ्याकडून हेच मागत होतो!" बाहेर पॅसेजमध्ये उभी असलेली एर्सिलिया हाताच्या मुठी आवळायची. वीस वर्षं त्यांनी तिला 'बरं' यापलीकडे शब्द दिला नव्हता. एकदा तिने दाराला लाथ मारली. पियानो थांबला नाही.

घरातही गोष्टी सरकत होत्या. सेजचा काढा सकाळी ओनोरिना सरळ गाण्याच्या खोलीत नेऊन ठेवायची आणि रिकामा कप परत आणायची. अंडं तिकडेच जायचं. एर्सिलियाच्या ताटात मक्याच्या पिठाचा उरलेला पोलेंता असायचा. एकदा तर तिचं ताटच नव्हतं. तिने टेबलावर हात आपटला तेव्हा ओनोरिना दचकली, कपाळावर हात मारून म्हणाली, "अगंबाई, मी विसरलेच," आणि ताट घेऊन आली. पण ते आणताना ती इतक्या परक्या सौजन्याने हसली, की त्यापेक्षा विसरलेलं बरं होतं.

पाटी आता कुणीच वाचत नव्हतं. ओनोरिना तिच्यावरून नजर फिरवायची, दुकानाच्या पाटीवरून फिरवावी तशी.

एर्सिलिया दिवस मोजत होती. चाळिसावा दिवस आला की तिला तोंड उघडता येणार होतं. मग एकेकाला ती सांगणार होती, शिव्यांसकट. त्या आशेवरच ती गप्प राहिली. गप्प राहू नये, आत्ताच बोलावं, असं तिला वाटलं नाही असं नाही. पण नियम मोडून गाठी परत आल्या, तर चूक तिची ठरणार होती, आणि या सगळ्यात स्वतःची म्हणावी अशी एकही चूक तिला त्यांच्या हाती द्यायची नव्हती.

७

"वा!" डॉक्टर झिलिओली म्हणाले. "वा! तीस वर्षांत असं पाहिलं नाही. गाठींचा पत्ता नाही. लाली नाही. कधी वापरलाच नाही असा गळा आहे हा." त्यांनी कपाळावरचा दिवा मालवला. "संपलं तुमचं मौन, सिन्योरा. बोला."

एर्सिलियाने चाळीस दिवस ठरवून ठेवलेलं वाक्य होतं. आता मात्र तिच्या तोंडून एवढंच निघालं, "डॉक्टर, कृपा करून माझं ऐका."

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. थोडा जाड, न वापरलेला, पण तिचाच. डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टर वाट बघत होते.

"बोला ना," ते म्हणाले. "भिऊ नका. काही दुखणार नाही."

"मी बोलतेय," एर्सिलिया म्हणाली. "डॉक्टर, मी बोलतेय!"

"सुरुवातीला धीर होत नाही लोकांना." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "घरी जाऊन सावकाश प्रयत्न करा. आधी साधं 'आ' म्हणा. माझा पुढचा रोगी बाहेर थांबलाय."

ती त्यांच्या टेबलावर ओणवी होऊन ओरडली. टेबलावरची शिशी हलली असं तिला वाटलं. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर लावला आणि उभं राहून तिच्यासाठी सौजन्याने दार उघडलं.

पुलावरून जाताना ती सायकलवाल्यांना हाका मारत गेली. पाववाल्याच्या दुकानासमोर तिने त्याला नावाने हाक मारली, मग शिवी दिली, मग बापाकडून शिकलेली नावाड्यांची अस्सल शिवी दिली. त्याने दुकानाच्या दारातलं बर्फ झाडणं चालू ठेवलं. शहरातल्या घंटा दहाचे ठोके देत होत्या.

८

जिन्यात माणसं उभी होती. तळमजल्यावरची धोबीण, पलीकडचा चांभार, त्याची आई, कुणाकुणाचे पाहुणे. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. सगळ्यांचे चेहरे वर वळलेले. एर्सिलिया त्यांच्यामधून अंग चोरून चढत गेली. दुसऱ्या मजल्यावर दावोली कठड्याला टेकून उभे होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

ती त्यांच्यासमोर उभी राहिली, फासळ्या रुंदावून श्वास घेतला आणि त्यांच्या तोंडावर गायली. नोव्हेंबरमधला तोच स्वर. तो लागला! भरीव, गोल, न हलता. जिनाभर तो घुमतोय असं तिला ऐकू आलं.

दावोलींनी मान किंचित बाजूला केली.

"जरा सरकता का, बाई?" ते हळूच म्हणाले. "तुम्ही मध्ये आल्यामुळे नीट ऐकू येत नाही."

घराचं दार उघडंच होतं. गाण्याच्या खोलीचंही. एर्सिलिया उंबऱ्यात थांबली. शेगडी लाल झाली होती. दाराजवळच्या खुर्चीत ओनोरिना हात मांडीवर घेऊन बसली होती. मायस्त्रो पियानोवर होते, चेहरा खिडकीकडे, आंधळ्या डोळ्यांवर हसू. आणि खिडकीपाशी कुणीच नव्हतं.

"दार लाव ते," ओनोरिना मागे न बघता म्हणाली. "वारा येतोय. तिच्या गळ्याला बाधेल."

एर्सिलियाला पियानो ऐकू येत होता. गिरणीवालीचा दुसरा अंक, शेवटचं गाणं. त्यात सोळा मात्रांची एक लांबलचक ओळ होती. एका श्वासात ती तिला कधीच जमली नव्हती. नवव्या मात्रेवर मायस्त्रोंनी तिला चोरून श्वास घ्यायची जागा करून दिली होती.

तिची नजर खिडकीच्या काचेवर गेली. बाहेर धुकं पांढरं होतं, काच स्वच्छ. बरोबर एर्सिलियाच्या तोंडाच्या उंचीवर काचेवर वाफ धरली. तळहाताएवढी. ती पसरत गेली. पियानोने नववी मात्रा ओलांडली आणि वाफ तुटली नाही. दहा, बारा, चौदा. एर्सिलियाचे ओठ आपोआप मात्रा मोजत होते. सोळा. मग काच कडेकडून स्वच्छ होत आली.

हे तिला समजत होतं. याच्याइतकं तिला जगात दुसरं काही समजत नव्हतं. जे कुणी हे गात होतं, त्याने आत्ता श्वास घ्यायला तोंड मिटलं होतं. पुढे शेवटचा उंच स्वर. आणि त्याच्या आधी ही रिकामी जागा, डोळ्याची पापणी लवेल एवढी.

एर्सिलिया त्या जागेत शिरली. होता नव्हता तेवढा सगळा जीव लावून तिने तो स्वर लावला.

मायस्त्रोंची बोटं जागच्या जागी थांबली. ओनोरिनाने दचकून वर पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा त्यांना एर्सिलिया ऐकू आली होती!

"नाही, नाही," मायस्त्रो दुखावल्यासारखं तोंड करून म्हणाले. "एर्सिलिया, काय झालं? शेवटच्या स्वराला आवाज फाटला. इतके दिवस एकदाही फाटला नव्हता."

"दमली असेल," ओनोरिना म्हणाली.

"परत घेऊ. तीच ओळ. आणि ते मध्ये काहीतरी आलं ना, ते येऊ देऊ नकोस."

खिडकीची काच स्वच्छच राहिली. मायस्त्रोंची बोटं पट्ट्यांवर तयार होती, पण साथ सुरू होत नव्हती. ते कुणाच्या तरी इशाऱ्यासाठी थांबले होते. एर्सिलियाच्या उजव्या हाताला, खांद्यापासून वीतभर अंतरावर, स्वरलिप्यांच्या कपाटाची काच होती. तिच्यावर एक लहानसा, गोल, ओलसर ढग उमटला. थोडा वेळ राहिला. सेज आणि मधाचा वास तिच्या चेहऱ्यावर आला. ती हलली नाही. मग तो ढग आक्रसत गेला आणि काच कोरडी झाली.

मायस्त्रोंनी साथ सुरू केली.

वाफ पुन्हा खिडकीवर धरली. नऊ. बारा. सोळा. काच कडेकडून स्वच्छ होत आली आणि ती जागा आली. एर्सिलियाच्या फासळ्यांत श्वास भरलेला होता. तोंड उघडलेलं होतं. खाली जिन्यात अख्खी गल्ली टोप्या हातात घेऊन उभी होती, आणि तिला ऐकू न येणारं ते गाणं असं होतं, की त्यावर एक ओरखडा उठणंही तिला स्वतःला खपलं नसतं.

तिने तोंड मिटलं.

पुढे पियानो जोरात वाजला. काचेवर वाफ आली आणि येतच राहिली, एकेका कोपऱ्यापर्यंत, सगळी खिडकी पांढरी होईपर्यंत, आणि ओनोरिना खुर्चीतल्या खुर्चीत रडायला लागली.